पुराव्याची प्रत आणि हुकुमाचे बळ

१८९६ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईच्या मांडवी भागात, बंदरावरील धान्याच्या वखारींना लागून असलेल्या कोंदट चाळींतून, काखेत अथवा जांघेत गाठ येऊन माणसे चार-पाच दिवसांत दगावू लागली. सप्टेंबर महिन्यात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी हा ताप म्हणजे ग्रंथिक सन्निपात, अर्थात प्लेग होय, असे निदान केले, आणि तेव्हापासून पुढील दहा-बारा वर्षांत मुंबई इलाख्याच्या सरकारी दफ्तरांत दोन प्रकारच्या कागदांची रास साचत गेली. एक रास हुकुमांची, जाहीरनाम्यांची आणि बंदोबस्ताच्या तजविजींची. दुसरी जबान्यांची, तक्त्यांची, प्रयोगांच्या टिपणांची आणि मृतांच्या याद्यांची. या दोन राशी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे प्रथम खटकते ते हे की, हुकूम जितका कडक तितका त्याच्यामागचा पुरावा दुबळा, आणि पुरावा जेथे खरोखर कसाला लागलेला होता तेथे सरकारचा स्वर सर्वांत मवाळ. वैद्यकातील कोणत्याही शिफारशीला दोन प्रश्न विचारावे लागतात: ती ज्या पुराव्यावर उभी आहे त्याची प्रत काय, आणि ती पाळली जावी म्हणून आग्रह किती बळाने धरावा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, त्यांची उत्तरे वेगवेगळ्या रकान्यांत लिहिली पाहिजेत, हे वैद्यकशास्त्राच्या अंगवळणी पडायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या शतकाचा आरंभ भायखळ्याच्या तुरुंगात झाला असे म्हणणे स्थानाभिमानाचे होईल; पण त्या तुरुंगातील हकीकत ठाऊक असली म्हणजे पुढची वाट ओळखीची वाटते, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

हुकुमांची कहाणी महाराष्ट्राला अधिक परिचित आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि त्याच्या आधाराने घरांच्या झडत्या घेणे, रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत नेणे, प्रवाशांना नाक्यानाक्यांवर अडवून तपासणे, सामान जाळणे, हे सर्व अधिकार सरकारी अंमलदारांच्या हाती आले. मुंबईत गटारांतून समुद्राचे पाणी सोडले गेले, कार्बोलिक ॲसिडचे पाट वाहिले, भिंतींना चुना फासला गेला, उजेड यावा म्हणून छपरांची कौले उतरवली गेली, आणि राहण्यास नालायक ठरलेल्या घरांच्या दारांवर तशी इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. मार्चपासून तेथे जनरल गॅटेकर यांची प्लेग कमिटी आली. पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली सोजिरांनी देवघरे आणि माजघरे धुंडाळली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी काय केले ते शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. या सगळ्या सक्तीच्या मुळाशी पुरावा कोणता होता? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडलेला होता, हे खरे. परंतु तो माणसाच्या देहात कोणत्या वाटेने शिरतो, हे कोणापाशीही निश्चित नव्हते. कोणी ओल म्हणे, कोणी दुर्गंध, कोणी धान्यातील धूळ, कोणी अनवाणी पायांच्या भेगा. म्हणजे लोकांच्या उंबरठ्याच्या आत जाणारा हुकूम तर्कावर चालला होता, आणि तो तर्क प्रतिष्ठितांचा होता, इतकेच त्याचे बळ. गटारे धुऊन काढल्याने उंदीर उलट घराघरांत पांगले असावेत, अशी शंका पुढे घेतली गेली.

आता दुसरी रास. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस तयार करून १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले होते, आणि कलकत्त्याच्या वस्त्यांत काम करीत असता त्यांनी एक सवय लावून घेतली होती, जिचे महत्त्व त्यांच्या लशीइतकेच मानले पाहिजे: ज्या घरात पटकी शिरली त्याच घरातील टोचलेले किती व न टोचलेले किती, आणि त्यांपैकी कोणाचे काय झाले, हे ते लिहून ठेवीत. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना अपुरी जागा मिळाली, आणि तेथे मांसाच्या रश्श्याच्या चंबूंत, पृष्ठावर तुपाचे थेंब तरंगत सोडून, त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. तुपाच्या थेंबांखाली जंतूंचे लोंबते धागे धरत. चंबू हलवला की ते तळाशी बसत आणि नवे धरू लागत. पुरेसे साठले म्हणजे उष्णता देऊन ते मारावयाचे आणि तो द्रव टोचावयाचा. रश्श्यासाठी बोकडाचे मांस घेण्याचे धोरण त्यांनी ठेवले, म्हणजे हिंदूंची वा मुसलमानांची हरकत निघू नये. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस, नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट, प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. हे धैर्य वादातीत होय. मात्र एका माणसाने स्वतःवर केलेला प्रयोग लस सोसवते एवढेच सांगतो, ती रोग टाळते की नाही याविषयी तो मुका असतो, आणि हे हाफकिन पुरेपूर जाणून होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग उद्भवला. हाफकिनना ही विलक्षण संधी होती, कारण तुरुंगात सगळ्यांचे अन्न एक, छप्पर एक, दिनक्रम एक, आणि हजेरीपट रोजचा. कोण आजारी पडला आणि कोण मेला, हे तेथे लपवता येत नाही. ३० जानेवारीला सुमारे दीडशे कैद्यांनी लस टोचून घेतली आणि त्याहून थोड्या अधिकांनी घेतली नाही. साथ ओसरली तेव्हा न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले होते. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले. कैद्यांनी ‘स्वेच्छेने’ टोचून घेतले असे त्या वेळचे अहवाल सांगतात. बेडीतल्या माणसाची स्वेच्छा केवढी, हा प्रश्न तेव्हाच्या सरकारला पडला नाही आणि आपल्याला पडल्यावाचून राहू नये. पण क्षणभर तो बाजूला ठेवून केवळ पुराव्याकडे पाहिले, तरी एक छिद्र उरतेच: जे पुढे आले ते अधिक धडधाकट, अधिक सावध असतील, आणि जे मागे राहिले त्यांच्यापैकी काहींच्या अंगी रोग आधीच शिरलेला असेल, तर श्रेय लशीला द्यावे की निवडीला?

हे छिद्र हाफकिन यांनीच बुजवायला घेतले, आणि माझ्या मते त्यांच्या बुद्धीचा खरा अंश येथे दिसतो. पुढच्या वर्षी, जानेवारी १८९८ मध्ये, उमरखाडीच्या तुरुंगात प्लेग आला तेव्हा कोण पुढे येतो हे पाहण्याऐवजी एकाआड एक कैदी टोचण्यात आला. फेब्रुवारीत बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी त्यांनी याहून अवघड गोष्ट केली. गायकवाड सरकारच्या अधिकाऱ्यांच्या साक्षीने घरोघरची माणसे एकत्र बोलावून प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्यांना, पुरुष, बायका आणि मुले यांचा समतोल राखून, लस टोचली आणि निम्म्यांना तशीच ठेवली. सहा आठवड्यांनी हाफकिन आणि मेजर बॅनरमन हे परत जाऊन घरोघर चौकशी करून आले. रोग २८ कुटुंबांत शिरलेला आढळला. त्या कुटुंबांतील ७१ टोचलेल्यांपैकी ८ जणांना प्लेग होऊन ३ मेले होते; ६४ न टोचलेल्यांपैकी २७ जणांना होऊन २६ मेले होते. एकच चूल, एकच ओसरी, तेच उंदीर, आणि तरी हा फरक. ज्या निम्म्यांना वगळले त्यांना वगळावयाचा अधिकार कोणी दिला, असे आजचा वाचक विचारील. त्याचे उत्तर एवढेच देता येते की, लस गुणकारी आहे हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक व्हावे म्हणूनच तो खटाटोप होता. हे उत्तर पुरेसे आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

मोठ्या शहरांतील आकडे दिसायला भव्य आणि परीक्षेला कच्चे निघाले. मुंबईत तरुण आगाखानांनी उघडपणे लस टोचून घेतली, हाफकिनच्या प्रयोगशाळेला माझगावच्या खुश्रू लॉजमध्ये जागा दिली, आणि त्यांच्या शब्दाखातर खोजा समाजातील हजारो माणसे टोचून घ्यावयास आली. त्यांच्यात मृत्यू अत्यल्प झाले, ही गोष्ट खरी. परंतु जो टोचून घ्यावयास येतो तो बहुधा खाऊनपिऊन सुखी, हवेशीर घरात राहणारा, साथ वाढताच गाव सोडू शकणारा असतो. आणि टोचल्याचा दाखला जवळ असला की तपासणीचा जाच काहीसा चुकत असल्याने दाखल्यासाठी येणारा वर्गही निराळाच. हुबळीसारख्या ठिकाणी तर अडचण त्याहून मूलभूत होती: टोचलेल्यांची नोंदवही होती, पण लोक गाव सोडून रानात राहावयास गेले असता न टोचलेले नेमके किती उरले, हे कोण सांगणार? एकूण वस्तीचा अंदाज करून त्यातून टोचलेले वजा करावयाचे, म्हणजे अंदाजातील प्रत्येक चूक थेट निष्कर्षात उतरावयाची.

या साऱ्या कागदांची शहानिशा करण्यासाठी १८९८ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारने प्लेग आयोग नेमला. एडिंबरोचे प्राध्यापक टॉमस फ्रेझर हे अध्यक्ष. सभासदांत नेटलीच्या लष्करी वैद्यकशाळेतील आल्म्रॉथ राइट आणि आर्मांड रफर हे दोन वैद्यकवेत्ते, आणि हेवेट व क्युमिन हे दोन मुलकी अधिकारी. आयोगाने गावोगाव फिरून शेकडो साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या, आणि टोचणीविषयीचा त्याचा अहवाल आजही वाचण्याजोगा आहे, तो त्यातील निष्कर्षांसाठी म्हणण्यापेक्षा त्यातील उलटतपासणीसाठी. कोणता तक्ता हजेरीपटावरून केला आणि कोणता ऐकीव माहितीवरून, तुलना एकाच काळातील आहे की मागील वर्षाशी, दोन्ही गटांना रोगाचा संसर्ग सारखा होता की नव्हता, मृत्यूचे कारण कोणी ठरवले, असे प्रश्न विचारून त्यांनी एकेक दाखला वजनाप्रमाणे लावला. वर्गांना क्रमांक किंवा अक्षरे दिली नाहीत एवढेच; प्रतवारी ती हीच. आणि अखेर निर्णय दिला तो मोजून मापून: टोचणीने प्लेग होण्याचे प्रमाण लक्षणीय कमी होते, परंतु संरक्षण पूर्ण नाही, मृत्यूचे प्रमाणही घटते, टोचल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत संरक्षण मिळत नाही, आणि ते किती काळ टिकते हे नक्की सांगता येत नाही. सरकारने टोचणी ऐच्छिकच ठेवली. चांगल्यापैकी पुरावा असलेला उपाय लोकांच्या मर्जीवर, आणि पुराव्यावाचूनचे उपाय संगिनीच्या धाकावर, असा तो व्यवहार.

याच आयोगाने मात्र, तितक्याच काटेकोरपणाने, एक ढळढळीत सत्य नाकारले. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराने जून १८९८ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीतील एका हॉटेलच्या खोलीत, काचेच्या बरणीत प्लेगने मरू घातलेला उंदीर आणि त्याच्या पिसवा, आणि जाळीपलीकडे एक निरोगी उंदीर ठेवून दाखवून दिले होते की, रोग उंदरापासून उंदराला पिसवेच्या वाटेने जातो. प्रयोग थोडे होते, इतरांना ते वठले नव्हते, आणि आयोगाने ही उपपत्ती विचारात घेण्याच्याही लायकीची नाही अशा अर्थाचा शेरा मारला. आज त्या शेऱ्याला हसणे सोपे आहे. पण पुराव्याची प्रत आणि विधानाची सत्यता या दोन गोष्टी आयोगाने एकच मानल्या, ही त्याची चूक नेमकी पकडली पाहिजे: सिमाँचा पुरावा त्या दिवशी खरोखर तोकडा होता, म्हणून ‘अद्याप सिद्ध नाही’ असे लिहिणे न्यायाचे झाले असते, त्याऐवजी ‘तथ्य नाही’ असे लिहिले गेले. आणि खेड्यापाड्यांतील माणसाने यापूर्वीच आपला व्यवहार ठरवला होता. घरात उंदीर पडू लागले की चूल उचलून शेतातल्या झोपडीत जावयाचे, हे देशावरच्या शेतकऱ्याला कोणत्याही आयोगाने शिकवले नव्हते. शास्त्राच्या प्रतवारीत हे निरीक्षण अगदी तळाशी पडले असते, आणि तरीही उपाय म्हणून ते कार्बोलिकच्या पाटांपेक्षा सरस होते.

आयोगाची ही चूक मुंबईतच निस्तरली गेली. ग्लेन लिस्टन यांनी ज्या चाळींत उंदीर मेले तेथे गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर पिसवा कशा जमतात ते दाखवले, आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्या संशोधन मंडळाने या प्रश्नाची वीणच उसवली. प्लेगच्या खोल्यांत काही जनावरे मोकळी सोडली, काही पिसवेच्या उडीच्या टप्प्याच्या वर टांगली, काहींच्या पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा पट्टा घातला. पिसू पोहोचली तेथे रोग पोहोचला. खोली तीच, हवा तीच, जमीन तीच असूनही, पिसवेला जेथे वाट नव्हती तेथे जनावर वाचले. उंधेऱ्यातील एका चुलीचे तत्त्व येथे पिंजऱ्याला लागू झाले होते: बाकी सारे सारखे ठेवा आणि एकच गोष्ट बदला.

मधल्या काळात हाफकिन यांच्यावर जो प्रसंग आला त्याचा उल्लेख टाळता येत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली गेली, आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. हे १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते; दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. त्या बाटलीतील द्रवानेच ते मेले, हे सांगावयास कोणत्याही तक्त्याची गरज नव्हती. पण बाटली दूषित कोठे झाली, मुंबईच्या प्रयोगशाळेत की गावातील झाडाखाली उघडताना, याचा पुरावा क्षीण आणि परस्परविरोधी होता. तरीही निकाल हाफकिनविरुद्ध लागला, त्यांना संचालकपदावरून दूर केले गेले, आणि १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रांतून कैफियत मांडीपर्यंत त्यांचा कलंक धुतला गेला नाही. एका गोष्टीविषयीच्या भक्कम पुराव्याचे वजन शेजारच्या दुसऱ्याच गोष्टीच्या पारड्यात टाकले गेले, असा हा अन्याय होता. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव दिले गेले.

यापुढचा प्रवास मुंबईबाहेरचा आहे आणि तो त्वरेने सांगता येतो. एकाआड एक रोग्याला औषध देण्याची रीत त्या काळात अनेक ठिकाणी रुजत होती. मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळात डॉ. नसरवानजी चोक्सी प्रभृतींनी प्लेगवरील रक्तद्रवाची परीक्षा याच रीतीने घेतली तेव्हा त्याची आधी गाजलेली कीर्ती बरीच उतरली, आणि कोपनहेगन येथे योहानेस फिबिगर यांनी १८९८ मध्ये घटसर्पाच्या ४८४ रोग्यांपैकी दिवसाआड दाखल झालेल्यांनाच रक्तद्रव देऊन ८ विरुद्ध ३० असा मृत्यूंचा फरक दाखवला. १९०४ मध्ये तर काव्यगत न्याय घडला. प्लेग आयोगात बसून हाफकिनचे तक्ते तपासणारे आल्म्रॉथ राइट यांनी विषमज्वराची स्वतःची लस सैन्यात टोचली होती, आणि तिचे आकडे गणिती कार्ल पिअर्सन यांच्यापुढे आले. पिअर्सन यांनी निरनिराळ्या पलटणींचे आकडे एकत्र करून पाहिले, त्यांत मेळ नाही आणि परिणाम क्षीण आहे असे सांगितले, आणि सुचवले की स्वेच्छेने पुढे येणाऱ्या सोजिरांची नोंद करून त्यांतील दर दुसऱ्यालाच टोचून पाहावे. राइट संतापले. ज्या कसोटीचा कस उमरखाडीच्या कैद्यांवर सहा वर्षांपूर्वी लावला गेला होता, ती कसोटी इंग्रज सेनेला लावणे त्यांना अपमानास्पद वाटले की काय कोण जाणे. १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल यांनी टोचणीच्या आकड्यांची तुलना कोणत्या अटींवर ग्राह्य धरावी याचा जाबताच लिहून काढला. आणि ग्रीनवुड यांच्या सहवासात घडलेले ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रयोगात, १०७ क्षयरोग्यांची वाटणी यदृच्छेच्या आकड्यांनी आणि बंद लिफाफ्यांनी करून, पुढचा रोगी कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरलाही कळू दिले नाही. सहा महिन्यांत औषध घेतलेल्या ५५ पैकी ४ आणि नुसती विश्रांती घेतलेल्या ५२ पैकी १४ मरण पावले. एकाआड एक या रीतीत डॉक्टरला आधीच क्रम कळतो आणि मनात आले तर तो रोग्याला मागेपुढे सरकवू शकतो. लिफाफ्याने ती वाट बंद केली.

पुराव्याला क्रमांक आणि शिफारशीला अक्षर देण्याचा पहिला ठळक प्रयत्न कॅनडात झाला. १९७६ मध्ये तेथे निरोगी माणसांच्या नियतकालिक तपासणीविषयी एक कार्यदल नेमले गेले, वॉल्टर स्पिट्झर त्याचे अध्यक्ष. १९७९ मधील अहवालात त्यांनी ७८ विकारांचा विचार केला आणि दरवर्षी सरसकट नखशिखान्त तपासणी करण्याची रूढी सोडून द्यावी असे सांगितले. पुराव्याची त्यांची उतरंड अशी: सर्वांत वर निदान एक नीट केलेला यादृच्छिक प्रयोग; त्याखाली दोन गटांचा कालांतराने अथवा उलट दिशेने केलेला चांगला अभ्यास; त्याखाली दोन काळांची किंवा दोन स्थळांची तुलना, आणि पेनिसिलिनच्या आगमनासारखे डोळे दिपवणारे परिणाम; सर्वांत खाली प्रतिष्ठित तज्ज्ञांचे मत. चरकसंहितेच्या विमानस्थानात ज्ञानाची साधने सांगताना आप्तोपदेशाला प्रथम स्थान आहे, मग प्रत्यक्ष आणि अनुमान. कॅनडाच्या मंडळींनी आप्ताला उचलून तळाशी बसवले, आणि हा क्रमपालट वैद्यांच्या गादीला जेवढा झोंबला तेवढे दुसरे काहीच झोंबले नसेल. चरकाची बाजू घेऊन एवढे सांगितले पाहिजे की, त्याचा आप्त रागद्वेषरहित असतो. औषध कंपनीच्या खर्चाने परिषदेला जाणारा आप्त त्याच्या कल्पनेत नव्हता.

तरी या पद्धतीत एक गोम होती. अक्षर वेगळे आणि क्रमांक वेगळा असला, तरी अक्षरही अखेर पुरावा किती चांगला आहे हेच सांगे. उपायाने हित किती आणि अपाय किती, तो रोग्याला हवासा वाटतो की नकोसा, त्याचा खर्च कोण सोसणार, या गोष्टी अक्षरात मावत नव्हत्या. शिवाय पुढील वीस वर्षांत प्रत्येक संस्थेने आपापली उतरंड काढली, आणि एका मंडळाचा ‘अ’ दुसऱ्याच्या ‘ब’शी जुळेना. हा गोंधळ निपटण्यासाठी २००० सालापासून गॉर्डन गायट, अँड्र्यू ऑक्समन, होल्गर शूनेमान प्रभृतींनी ‘ग्रेड’ नावाची पद्धत रचली. तिच्यात पुराव्याच्या प्रती चार: उच्च, मध्यम, निम्न, अतिनिम्न. शिफारशीची बळे दोनच: ठाम आणि सशर्त. यादृच्छिक प्रयोगाचा पुरावा वरून निघतो पण वाटणीतील दोष, निकालांतील विसंगती, प्रश्नाशी अप्रत्यक्ष संबंध, आकड्यांची अनिश्चितता, किंवा प्रतिकूल निकाल दडपल्याचा संशय यांमुळे खाली उतरतो. निरीक्षणाचा पुरावा खालून निघतो पण परिणाम अतिशय मोठा असल्यास वर चढतो. आणि प्रत कमी असूनही शिफारस ठाम असू शकते, फक्त तसे उघड लिहावे लागते. २००६ मध्ये बर्ड फ्लूने जागतिक आरोग्य संघटनेपुढे हाच पेच टाकला: माणसांतील त्या रोगावर ओसेल्टामिविर या औषधाचा एकही प्रयोग झालेला नव्हता, रोगी मात्र भराभर मरत होते. तज्ज्ञांनी औषध देण्याची ठाम शिफारस केली आणि शेजारच्या रकान्यात पुरावा अतिनिम्न प्रतीचा असल्याचे नोंदवले. १८९७ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या एखाद्या जाहीरनाम्याखाली असा दुसरा रकाना असता, तर झडतीचा हुकूम कदाचित निघालाही असता. पण तो काढणाऱ्याला आपण अंधारात चाललो आहोत हे लिहून द्यावे लागले असते, आणि लिहून दिल्यावर सोजिरांना माजघरात पाठवणे इतके सहज झाले नसते, असे मला वाटते.

या नव्या मापाने जुने कागद मोजले तर काय निघते? उंधेऱ्याच्या २८ घरांतील मृत्यूंच्या प्रमाणातील फरक जवळजवळ दसपट आहे, तेव्हा निरीक्षणाच्या पायरीवरून तो एखादी पायरी वर चढण्याचा हक्क सांगू शकेल. भायखळ्याची वाटणी कैद्यांच्या मर्जीने झाली म्हणून ती खालीच राहील. उमरखाडी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस कॉक्रेन संस्थेने प्लेगच्या लशींविषयीचा सर्व पुरावा आपल्या नियमांनी धुंडाळला, तेव्हा यादृच्छिक वाटणीची अट पुरी करणारा एकही अभ्यास हाती लागला नाही, आणि कोणत्याही प्लेगलशीच्या गुणाविषयी निर्णय देण्याइतका पुरावा नाही असे परीक्षकांना लिहावे लागले. कोट्यवधी मात्रा टोचल्या गेल्यानंतरची ही नोंद आहे. तिच्या खालोखाल त्यांनी दुय्यम प्रतीच्या अभ्यासांवरून एवढी पुस्ती जोडली की, मेलेल्या जंतूंची लस निर्बल केलेल्या जिवंत जंतूंच्या लशीपेक्षा अधिक गुणकारी आणि कमी त्रासाची असावी असे दिसते. हाफकिन यांच्या चंबूंतले जंतू मारलेलेच असत.